धावत्या पाटीची अक्षरं

माझी आई कोपरीतल्या शेजारणींना सांगायची, "आमची वैशाली कारखान्यात अक्षरं फोडते." लोक सुपारी फोडतात, नारळ फोडतात, तसं. मी प्रोग्रामर आहे, असं तिला कितीदा तरी पढवलं, पण तो शब्द काही तिच्या तोंडी बसला नाही. पुढे मी मोठ्या कंपन्यांत गेले, गळ्यात फोटोचं कार्ड आलं, थंडगार खोलीत स्वेटर घालून बसायचे दिवस आले. त्या सगळ्याबद्दल मला लिहावंसं वाटत नाही. निवृत्त झाल्यापासून दुपारी पडल्या पडल्या आठवतो तो ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतला एक गळका गाळा, आणि तिथे मी खरोखरच अक्षरं फोडत होते.

गाळा फणसे साहेबांचा. साहेब आपलं म्हणायची पद्धत म्हणून. एरवी बनियनवर बसून सोल्डरिंग करणारा माणूस. आम्ही धावत्या पाट्या बनवायचो. लाल ठिपक्यांच्या दिव्यांची लांबट पेटी आणि तिच्यावरून उजवीकडून डावीकडे सरकत जाणारं वाक्य. आज पानाच्या टपरीवरही असते, कोणी मान वर करून बघत नाही. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मात्र एखाद्या दुकानावर ती लागली की खाली घोळका जमायचा. लोक शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचे आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायचे.

बाहेरच्या माणसाला या कामात काय असतं ते सांगते. पाटीला वाक्य समजत नाही, शब्दही समजत नाही. तिला एका वेळी एक अक्षर भरवावं लागतं. म्हणून प्रोग्रामचं पहिलं काम हे, की आलेलं वाक्य फोडायचं आणि सुट्या सुट्या अक्षरांची रांग लावायची. मग रांगेतल्या पहिल्या अक्षराचं चित्र चिपमधून काढायचं, त्याचे उभे पट्टे एकामागून एक दिव्यांवर ढकलायचे, ते सरकलं की दुसऱ्याला घ्यायचं. दोन शब्दांमधली मोकळी जागा हीसुद्धा रांगेतलं एक गिऱ्हाईकच, तिला विसरलात तर सगळं वाक्य एकमेकांना चिकटून बाहेर येतं. हल्लीची मुलं हे काम एका ओळीत करतात आणि त्यात काही केलं असं त्यांना वाटतही नाही. मला पहिल्यांदा ते जमलं तेव्हा मी घरी पेढे नेले होते.

इंग्रजीचं सोपं होतं. मराठीत मी आधी यंत्राच्या हिशेबाने फोडलं, तर काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा. पाटीवरून आधी अक्षर जायचं आणि त्याची मात्रा मागून एकटीच यायची, वरातीत मागे पडलेल्या आजीसारखी. फणसे साहेब कपाळाला हात लावून बसले. तेव्हा मंदा म्हणाली, "अगो, मरू दे तुझा तो कंपुटर. 'भां' हाय ना, तो आख्खा भांच ठेव. त्याचा टिंब काढून कुठं नेतेस?"

मंदा बाळकुमची. घरची माणसं खाडीत जाळी टाकणारी, ही दहावी होऊन आमच्याकडे दिवे जोडायला आलेली. तिचा ठिपक्यांच्या रांगोळीचा हात होता. ती चौकटीच्या कागदावर एकेका अक्षराचे ठिपके रंगवायची, तो तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवायची, आणि मी ते ठिपके आकड्यांत बदलून चिपमध्ये घालायची. कान्यामात्रेसकट एका दमात उच्चारतो ते एक अक्षर, एका अक्षराला एक पुठ्ठा, असा आमचा कायदा ठरला. मंदाचा 'ळ' इतका सुरेख यायचा की मी तो उगीच उचलून बघायची.

अडचण जागेची होती. तेव्हाच्या चिपमध्ये साऱ्या बाराखड्या आणि जोडाक्षरं मावणं अशक्य. फणसे साहेबांनी यावर तोड काढली ती अशी, की गिऱ्हाइकाने आपली वाक्यं आधीच ठरवून द्यायची. मी ती फोडायची, पुन्हा पुन्हा आलेली अक्षरं गाळायची आणि उरतील तेवढीच चिपमध्ये भरायची. त्यानंतर त्या पाटीला तेवढीच अक्षरं येणार. मालकाला नवं वाक्य हवं झालं तर ते त्याच अक्षरांत बसवायचं, नाहीतर आमच्याकडे येऊन नवी चिप भरून घ्यायची. पाटीला आकड्यांचा कळफलक होता, प्रत्येक अक्षराला एक आकडा. ते आकडे दाबताना मालक मंडळी घामाघूम व्हायची आणि शेवटी मलाच बोलावणं यायचं. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत अशी किती दुकानं मी पालथी घातली असतील.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. डोंबिवलीच्या एका गणेश मंडळाच्या सेक्रेटरींना पाटीवर सगळ्या वर्गणीदारांची नावं हवी होती. मी म्हटलं, नावं फार, अक्षरं मावणार नाहीत. ते म्हणाले, "मग ज्यांची अक्षरं मावतील त्यांचीच घाला." पुढच्या वर्षी मंडळात दोन तट पडले असं ऐकलं. आमच्या कोपरीतल्या विहाराच्या महिला मंडळाने मात्र मला गार केलं. जयंतीसाठी घेतलेल्या पाटीच्या अक्षरांतून त्या बायकांनी वर्षभराच्या सूचना स्वतः जुळवल्या, अभ्यासवर्गाच्या, शिवणवर्गाच्या, सगळ्या. मला एकदाही बोलावलं नाही. एकदा जाता जाता मी चौकशी केली, तर त्यांच्यातल्या थोरल्या बाई म्हणाल्या, "ताई, आहे त्यात भागवायची आम्हाला सवय आहे." आणि हसून मला चहाला बसवलं.

पण ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते गिऱ्हाईक कल्याणचं. स्टेशनसमोर विसपुते शेठचं भांड्यांचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं की दुकानाचा दर्शनी भाग समोर दिसायचा, म्हणून पाटी त्यांनी बरोब्बर पुलाकडे तोंड करून लावून घेतली होती. शेठ म्हणजे तोंडाचा पट्टा. गिऱ्हाइकालासुद्धा "घ्यायचं तर घ्या, हाताळू नका" म्हणणारे. तरी दुकान चालायचं, कारण भांड्यावर नाव घालण्यात त्यांच्या दुकानाचा हात धरणारं कल्याणात कोणी नव्हतं. विजेच्या सुईने स्टीलवर ठिपका ठिपका करत नाव काढतात ते, तशी आहेराची तांबे-पराती आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आधी शेठ स्वतः काढायचे, नंतर त्यांचा मुलगा सतीश काढायला लागला.

पाटीसाठी त्यांनी दिलेली वाक्यं मला अजून पाठ आहेत. "लग्नाची भांडी, रुखवत." "जुनी मोड बदलून मिळेल." "भांड्यावर नाव घालून मिळेल." "रविवारी दुकान उघडे राहील." "एकदा या, पुन्हा याल." आणि शेवटी, मी हरकत घेतली तरी न ऐकता, "उधार मागून लाजवू नये." सगळं फोडून, गाळून, पन्नाशीच्या आत अक्षरं भरली. पाटी लागली त्या दिवशी सतीश पुलावर जाऊन वाचून आला होता. एकोणीस-वीस वर्षांचा, बारीक, कमी बोलणारा. "शेवटचं वाक्य जरा जोरात पळवा," एवढंच मला हळूच म्हणाला.

वर्षभराने, लग्नसराईत, सतीशच्या हातून घोटाळा झाला. दोन घरांची भांडी एकाच दिवशी आली होती. याने एका घरच्या आहेराचा संपूर्ण संच दुसऱ्या घरच्या नावाने भरून टाकला. भांड्यावर घातलेलं नाव पुसता येत नाही. दोन्हीकडची माणसं दुकानात येऊन उभी राहिली, आणि त्या सगळ्यांसमोर शेठनी पोराच्या कानाखाली वाजवली. वर म्हणाले, या घराचं दार तुला बंद. सतीश सुई खाली ठेवून, चपला घालून पायऱ्या उतरून गेला. पहिले काही दिवस शेठ म्हणत होते, पोटात आग पडली की येईल. मग म्हणेनासे झाले. हे सगळं, मी पाटीचं वाक्य बदलायला गेले होते तेव्हा, घरच्या बाईंनी, म्हणजे सतीशच्या आईने, मला जिन्यात उभं राहून सांगितलं.

आणि धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुपारी शेठ आमच्या गाळ्यात हजर. भांडीवाल्याने त्या दिवशी दुकान सोडून कल्याणहून ठाण्याला यायचं, म्हणजे काय ते कल्याणकरांना सांगायला नको. वर्षाची विक्री त्या दोन दिवसांची. वसाहत दिवाळीसाठी जवळजवळ रिकामी झाली होती, फणसे साहेब घरी गेले होते, मी आणि मंदा आवरत होतो. शेठ उभ्या उभ्याच बोलले.

"मॅडम, काल संध्याकाळी पोरगा दिसला. आमचा नोकर बघून आला, पुलावर उभा होता. हा जवळ जाईपर्यंत तो गर्दीत गेला. आज-उद्या परत येणार तो, सणाचं दुकान बघायला येणार. मला पाटीवर लिहायचंय."

"काय लिहायचं?"

त्यांनी घोकून आणल्यासारखं म्हणून दाखवलं. "सतीश, झालं गेलं विसरून घरी ये. आई आजारी आहे."

"बाई आजारी आहेत?" मी विचारलं.

"नाय हो, ठणठणीत आहे. पण असंच लिहितात ना सगळे."

मी वाक्य मनातल्या मनात फोडलं. ती सवयच लागलेली असते. सतीशमधला स नव्हता, ती नव्हता, श नव्हता. 'आई'चा आ नव्हता. नवी अक्षरं भरायची तर चिप नवी भरायला हवी, आणि चिप भरायचं यंत्र आमचं नव्हतं. ते वरच्या मजल्यावरच्या युनिटचं, ते लोक कुलूप घालून गावी गेलेले. दिवाळीनंतर भरून देते, म्हटलं.

"कागदावर लिहून लावलं तर?" मंदाने विचारलं.

"आणि गल्ली गोळा होईल ती? भांडी घ्यायला आलेला एकेक जण विचारणार, शेठ, पोरगा पळाला का. पाटीवर कसं, आलं आणि गेलं. ज्याचं आहे तो वाचेल." मग जरा थांबून म्हणाले, "मग आहे काय तुमच्याकडे?"

"तुमच्याच दुकानाची अक्षरं आहेत, शेठ," मी म्हटलं. "त्यात बसलं तर आत्ता लावून देते."

प्रत्येक गिऱ्हाइकाचे पुठ्ठे, एकेका अक्षराच्या दोन-तीन नकलांसकट, आम्ही वेगळ्या डब्यात ठेवायचो. मंदाने त्यांचा डबा आणून टेबलावर पालथा केला आणि सगळी अक्षरं सुलटी मांडली. एक अक्षर हवं तितक्या वेळा वापरता येतं, ते झिजत नाही, असं मी त्यांना समजावलं. शेठ आमच्याकडे आले की कधी बसत नसत, हात मागे बांधून उभे राहायचे. त्या दिवशी त्यांनी स्टूल ओढलं, चष्मा लावला आणि टेबलावर वाकले. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची नावं ठिपक्या-ठिपक्यांनी भांड्यांवर काढली तो आपल्या मुलाच्या नावाची अक्षरं शोधत होता. नाहीत म्हणून मी सांगितलं होतं, तरी त्यांनी सगळे पुठ्ठे एकदा पाहिले, मग पुन्हा पाहिले.

"त्याचं नाव नाय," ते म्हणाले.

"नाही."

थोड्या वेळाने त्यांचा हात चालायला लागला. 'घ' उचलला, 'री' शोधला, 'ये' शोधला. 'उधार मागून लाजवू नये'मधला तो ये. घरी ये. मग त्याच्या अलीकडे भराभर पुठ्ठे लावत गेले, इतके भराभर, की जणू ते शब्द त्यांच्या ओठावर तयारच होते. मी वाचलं: "माज उतरला तर घरी ये."

सगळी अक्षरं होती. अगदी एकही कमी नव्हतं. मी आणि मंदाने एकमेकींकडे पाहिलं. पण बोलायचा आमचा काय अधिकार. मी वहीत आकडे टिपायला पेन उघडलं.

"थांबा," शेठ म्हणाले.

ते त्या वाक्याकडे बघत बसले. मंदाने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. जेवायची वेळ झाली तरी आम्ही डबे सोडले नाहीत. दोनदा त्यांनी 'तर' जरा बाजूला सरकवला आणि दोनदा परत जागेवर आणला. मग त्यांनी 'मा' उचलला आणि ढिगात टाकला. नंतर 'ज'. एकेक करत 'उतरला' गेलं, 'तर' गेलं. फक्त 'घरी ये' राहिलं. तेवढं बघून ते म्हणाले, "हे फारच तुटक वाटतं." आणि 'एकदा या'मधला 'एकदा' काढून पुढे ठेवला. आता त्यांना काय लिहायचं होतं ते त्यांनी मला आधी सांगितलं नाही. बोटाने चाचपडत 'दा' आणि 'र' शेजारी शेजारी आणले, 'उघडे' तर त्यांच्या रविवारच्या वाक्यात जसंच्या तसं होतं, 'राहील'ही होतं. ते ओढून आणलं आणि स्टुलावर मागे झाले.

एकदा घरी ये. दार उघडे राहील.

"वाचता येतंय ना नीट?" त्यांनी मंदाला विचारलं. मंदाने मान डोलावली आणि पाठ फिरवून चहाचे कप धुवायला गेली. मी आकडे टिपताना दोनदा चुकले.

मी त्यांच्याबरोबर कल्याणला गेले आणि शिडीवर चढून वाक्य भरलं. "जुनी मोड बदलून मिळेल" जायचं, मग "एकदा घरी ये. दार उघडे राहील," आणि लगेच मागून "उधार मागून लाजवू नये." ते शेवटचं काढू का, असं मी विचारलं. शेठ म्हणाले, "राहू दे, धंदा धंद्याच्या जागी." खाली गर्दी मावत नव्हती. शेठ परात दाखवत होते, भाव सांगत होते, कोणावर तरी ओरडत होते, आणि मधूनमधून मान उचलून पुलाकडे बघत होते. मीही घरी जाताना पुलावर थांबले. कित्येक तरुण पोरं पाटी वाचत होती. त्यांतला प्रत्येक जण मला सतीशसारखा दिसत होता.

तो आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, भाऊबीजेला नाही.

दिवाळीनंतर चिप भरायचं यंत्र उघडलं तशी मी कल्याणला गेले. नवी चिप फुकट भरून देते, सतीशचं नाव घालू, तुमचं ते मूळचं वाक्य घालू, म्हटलं. शेठ म्हणाले, "नको. ज्याला कळायचंय त्याला कळतंय. गल्लीला नाव कशाला वाचायला घालू?" मी फार आग्रह धरला नाही. हट्ट करायला हवा होता, असं आता वाटतं.

मग मी दर काही महिन्यांनी जायची. सणावाराप्रमाणे इतर वाक्यं बदलायची, ते एक तसंच ठेवायची. दरवेळी मी विचारायची, "हे ठेवू ना?" आणि दरवेळी ते दुसरीकडे बघत म्हणायचे, "असू दे, काय खातंय का." एकदा वर घरी चहाला गेले तर दार नुसतं लोटलेलं. बाई वैतागून सांगायला लागल्या, "बघा ना, कडी म्हणून लावू देत नाहीत. दुधावर मांजर येतं, परवा कोणीतरी जिन्यातली नवी चप्पल नेली. लिहिलंय तर तसं ठेवायला नको का, म्हणतात." आणि लगेच, "मी तरी कशाला लावतेय कडी," म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसून साखर घ्यायला उठल्या. पलंगावर शेठ पेपरात तोंड घालून बसले होते, त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

अशी वर्षं गेली. चिपमध्ये जागा वाढली, मग भरपूर वाढली. सगळी अक्षरं मावायला लागली आणि कुठली घ्यायची, कुठली सोडायची, हा प्रश्नच मिटला. गिऱ्हाईक काहीही सांगायचं, पाटी काहीही लिहायची. बाहेरून तयार पाट्या यायला लागल्या त्या आमच्यापेक्षा स्वस्त आणि सुबक. फणसे साहेबांनी गाळा विकला. शेवटच्या दिवशी मंदाने सगळे पुठ्ठे पोत्यात भरून रद्दीवाल्याला दिले, मी तिचा 'ळ' मागून घेतला. तिचं लग्न होऊन ती पालघरकडे गेली. मी मोठ्या कंपनीत लागले. मला त्या गाळ्याची फार आठवण येते. तिथे वाक्य लिहायच्या आधी माणसं थांबायची, डोकं खाजवायची, टेबलावरची अक्षरं बघायची. एवढ्या वर्षांत एवढी मोठमोठी यंत्रं हाताळली, पण त्या टेबलापाशी मला जसं वाटायचं तसं पुन्हा कधी वाटलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं असताना एका रविवारी घरचा फोन वाजला. विसपुत्यांच्या दुकानातून, पाटी बंद पडली आहे. मी ते काम सोडून बरीच वर्षं झाली होती, मध्ये कल्याणला जाणंही झालं नव्हतं, तरी पिशवीत टेस्टर आणि सोल्डरिंगची डाक टाकून निघाले. शेठ या वयातही तशीच शिवी हासडतील, म्हणून मनातून जरा हसतही होते.

दुकानात शेठचा फोटो होता, हार घातलेला. गल्ल्यावर दाढी राखलेला एक माणूस बसला होता. तो उठून उभा राहिला, तेव्हा मी त्याला ओळखलं.

"पप्पा गणपतीत गेले," सतीश म्हणाला. "दुकानातच बसल्या बसल्या. मला सुरतला कळलं." तो तिकडे भांड्यांच्याच कारखान्यात लागला होता. आता आईसाठी परत आला होता. मग मी शिडी मागितली.

फार काही झालं नव्हतं, एक तार सुटली होती. डाक देऊन मी बटण दाबलं. "जुनी मोड बदलून मिळेल" गेलं. पाठोपाठ ते दुसरं आलं. सतीश शिडी धरून खाली उभा होता, त्याने ते शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं.

"मॅडम, हे तुम्ही लिहिलेलं?"

"का रे?"

"मी वाचलं होतं हे. पहिल्याच दिवाळीत. सुरतची गाडी पकडायच्या आधी पुलावर आलेलो." तो शिडीच्या पायरीकडे बघत बोलत होता. "माझ्यासाठी आहे हे कळलं मला. पण वाटलं, आईने कोणाला तरी धरून गुपचूप लावून घेतलंय, पप्पांना पत्ताच नसणार. वर गेलो असतो तर त्यांनी परत सगळ्यांसमोर हाकललं असतं. म्हणून गेलो निघून."

मी शिडीवरून उतरले नाही. उतरले असते तर त्याच्याकडे बघावं लागलं असतं. हो म्हणावं, मीच लिहिलं, आईने सांगितलं होतं, म्हणजे याच्या डोक्यावर ती गेलेली वर्षं बसणार नाहीत, असं एकदा मनात येऊन गेलं. पण मग त्या दुपारी स्टुलावर बसलेल्या माणसाचं काय, तेही मला सुटेना.

"तुझ्या पप्पांनीच लिहिलंय," मी म्हटलं. "ठाण्याला आमच्याकडे येऊन. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, दुकान सोडून."

"शक्य नाही," सतीश म्हणाला. "पप्पांचं असतं तर त्यात एक तरी शिवी असती."

"होती," मी म्हटलं. "त्यांनीच काढली. एकेक अक्षर उचलून. अख्खी दुपार लागली त्यांना."